जावयाची सनई

आमच्या गावातला सगळ्यात म्हातारा माणूस गावाचा जावई होता. तोंडात एक दात नाही, कंबर वाकलेली, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या, आणि अंगणातल्या उघड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे त्याला जावईच म्हणायचे. आरमोरीकडच्या वाजंत्र्यांसोबत लग्न वाजवायला आला, आमच्याच गावची पोरगी करून घरजावई राहिला. ती पोरगी जाऊन जमाना झाला, सासू-सासरे मातीत गेले, तरी हा जावईच. खरं नाव बहुतेक त्यालाही आठवत नसावं.

"जावई, चा घेता का?" म्हणून बाया हाक मारायच्या.

"जावयाले विचारून चा देते का कोणी? देऊन टाकायचा असते," तो म्हणायचा आणि पदराआड हसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे रागानं बघायचा. त्या म्हाताऱ्याही त्याच्या नात्यानं साळ्याच लागत.

मी बी.एस्सी., बी.एड. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. माझ्या बापाला सही येत नव्हती. मोठेपणासाठी सांगते असं कोणाला वाटलं तर वाटू द्या, मोठेपणाच आहे तो. आज चामोर्शीला शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा पुढे जे लिहिलं आहे ते विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं लिहिलं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचावं.

आमच्या आणि जावयाच्या घराच्या मधात एकच कुडाची भिंत होती. बांबूच्या ताट्या, वरून माती, आणि माती पडली तिथं फटी. बारावीला असताना मी त्या भिंतीला पाठ लावून अभ्यास करायची आणि पलीकडून सारखा आवाज यायचा. बुडबुड, बुडबुड, बुडबुड. कोणीतरी पाण्यात बुडून राहिलंय आणि मरत नाही, असा. तासन् तास. मधात खंड म्हणून नाही. खरं सांगायचं तर मी अभ्यास कमी आणि तो आवाज तुटायची वाट जास्त बघायची.

एके दिवशी उठून गेलेच. जावई पितळी गडव्यात पाणी घेऊन बसला होता. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात, दुसरं टोक पाण्यात.

"हे काय करून राह्यले जावई?"

त्यानं बुडबुडे न थांबवता एक बोट वर केलं, म्हणजे थांब. मग देठ काढला आणि पुसला.

"श्वास जोडून राह्यलो."

मग त्यानं दाखवलं. गालात हवा भरून ठेवायची. छातीतली हवा सरत आली की गालातली गालानंच ढकलायची, आणि तेवढ्या पळात नाकानं नवी आत ओढून घ्यायची. तोंड देत राहते, नाक घेत राहते. बाहेर मात्र धार एकच.

मी पुस्तकी शहाणी. म्हटलं, "म्हणजे फुप्फुस झालं मोटर आणि गाल झाले टाकी. मोटर बंद असली तरी टाकीतून नळ चालू."

"हो. पण ते टाकी लहान राह्यते पोरी. आन् मोटरची लाईन कधी येईल, कोण सांगावं?"

मीही देठ घेऊन बसले. माझे बुडबुडे दरवेळी त्याच एका जागी तुटायचे, गालाकडून छातीकडे जाताना. आणि तुटले की जावई माझ्याकडे बघायचा नाही. मान वळवून कुडातल्या फटीकडे बघायचा.

"काय पाह्यता?"

"कोनी उभं राह्यलं का, ते."

हे त्याचं सगळीकडेच होतं. बोलता बोलता समोरचा माणूस थांबला, गप्पांत अशीच एखादी शांतता पडली, की जावई खांद्यावरून मागे बघायचा. म्हणून तो सदा बारीक गुणगुणत राहायचा, दुसरे बोलत असले तरी खालून त्याचं चालूच. ग्रामसभेत कोणा पुढाऱ्यासाठी दोन मिनिटं शांततेत उभं राहायचं होतं. सगळे माना खाली घालून उभे, आणि मागून भुंगा फिरावा तसा आवाज.

सरपंच खवळला. "जावई, दोन मिनिटं तं चूप राहा गा!"

"मी चूप राह्यलो तं तुमच्या बाया जागेवर राह्यतीन का?" जावई म्हणाला.

कोणी हसलं नाही. कारण खरंच होतं ते. ते का खरं होतं, हे आता सांगते.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर मोह फुलतो. फुलं पहाटे गळतात. ती ऊन तापायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर काळी पडतात, नाहीतर डुकरं खातात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. बाई आपल्या झाडाखाली वाकते आणि टोपलं भरेपर्यंत वाकलेलीच राहते. आणि वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही, चार पायांचं जनावर दिसते. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो. आमच्याकडे ज्या बाया गेल्या त्या वाकलेल्या असतानाच गेल्या.

जावयाची बायको अशीच गेली. तो तिच्यासोबत होता, हाकेच्या अंतरावर. त्यानं वाघ आधी पाहिला. तिनं पाहिला नव्हता.

"मी वरडलो," तो मला एकदा म्हणाला, "असं मले वाटलं. तोंड उघडं होतं माहं. आवाजच नाई. नरडं बंद. वाघ पाह्यल्यावर नरडं बंद होते पोरी, हे तुह्या पुस्तकात हाये का?"

मी नाही म्हटलं.

"मंग लिहून ठेव. वरडता येत नाई. पण थांबता येते. थांबाले काई लागत नाई. थांबनं तं मेलेल्यालेबी येते."

त्यातूनच त्यानं ती रीत काढली, आणि ती रीत दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं मला वाटत नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन तो बोडीच्या पारीवर बसायचा. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. उन्हाळ्यात आटलेलं असते, पार म्हणजे त्याचा मातीचा बांध मात्र उंच राहते. पारीच्या मागे बांबूचं रान, पुढे आमचे मोह, मोहांच्या पलीकडे डांबरी सडक. तिथं बसून तो सनई वाजवायचा. जोवर सनई चालू आहे तोवर मान वर करायची नाही, काम करायचं. सनई तुटली की वाघ दिसला. मग सगळ्यांनी एकदम उभं राहायचं आणि सनईकडे धावायचं, पारीवर गोळा व्हायचं. गोळा झालेल्या उभ्या माणसांवर वाघ येत नाही.

म्हणजे आमच्याकडे भोंगा वाजणं ही धोक्याची खूण नव्हती. वाजणं बंद होणं ही होती. आणि म्हणून त्याला श्वास घ्यायला थांबायची सोय नव्हती. एक साधा दम घेतला असता, तरी साऱ्या गावच्या बाया टोपली टाकून धावत आल्या असत्या.

अंगात किती मुरलं होतं हे, ते मी चामोर्शीला एका लग्नात पाहिलं. डीजे चालू होता, भर दुपारी पंगत बसली होती आणि लाईन गेली. आवाज खटकन तुटला. आमच्या गावच्या जेवढ्या बाया होत्या तेवढ्या हातातल्या पत्रावळीसकट उभ्या राहिल्या आणि त्या बंद पडलेल्या पेटाऱ्यांकडे चालायला लागल्या. माझी मायही. वराकडचे लोक हसून हसून वाकले. "अजून वाढते ना बाई, बसा!" आमच्या बायांपैकी एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं. त्या एकमेकींचे चेहरे बघत होत्या, सगळ्या आहोत का म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं न थांबता वाजवणं म्हणजे काय वाजवणं झालं? नाटक कंपनीतल्या एका ऑर्गनवाल्यानं त्याला हेच सुनावलं होतं. मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला आला होता, ओट्यावर बसून ऐकत होता. "दम मोठा आहे बुवा," तो म्हणाला, "पण गाण्याले श्वास लागते. वाक्य संपलं तिथं थांबाले पायजे. तुम्ही थांबत नाई, ऐकणाऱ्याचा जीव घुसमटते."

जावई रागावला नाही. म्हणाला, "नांगर धरला का कधी?"

"नाई."

"तास संपला म्हणून बैल थांबते का? फिरते. मी तोडत नाई, फिरवतो. आता आयका."

आणि त्यानं वाजवलं. सूर चढत गेला, लांबला, आणि जिथं तुटायला हवा होता तिथं नुसता हलका झाला, कलला, आणि स्वतःच्याच पोटाखालून वळून परत निघाला. त्या वळणावर ऑर्गनवाल्यानं नकळत श्वास सोडला. मीही. ओट्यावरच्या साऱ्यांनी. जावयानं डोळ्यानंच विचारलं, घेतला ना?

मोहाखाली बाया त्या फिरण्यावरच काम करायच्या. सूर फिरला की टोपलं या हातातून त्या हातात. फिरला की एक पाऊल पुढे. कोणी ठरवलं नव्हतं, अंगानं धरलं होतं. दुरून पाहिलं तर सारं रान एका दमानं हललेलं दिसायचं.

पहाटे मात्र त्याची सुरुवात वेगळी असायची. पहिला सूर तो फिरवायचा नाही, सरळ धरून ठेवायचा. त्या एका सुरावर बाया आपापल्या झाडाकडे जायच्या आणि तो पारीवरून नजर ठेवायचा. शेवटची बाई वाकली की मग पहिल्यांदा फिरवायचा. म्हणजे, आल्या सगळ्या, लागा आता.

माझी नोकरी नुकतीच लागली होती. सुटीवर आले होते आणि मायसोबत मोहाला गेले. मायला मी कितीदा म्हटलं होतं, आता पगार आहे, कशाला जातेस. ती म्हणायची, "झाड आपलं हाये. फुलं का तुह्या पगाराले विचारून गळतीन?"

आम्ही सडक ओलांडून शिरलो तेव्हा पहिला सूर चालू होता. झुंजुमुंजू होतं, खाली गावच्या चुलींचा धूर बसलेला. पारीवर बसलेला माणूस त्या उजेडात दिसत नाही, कधीच दिसायचा नाही. मी मायच्या झाडाखाली वाकले आणि वेचायला लागले. फुलं दंवानं गार, बोटांना चिकटत होती. शेजारच्या झाडाखाली आमची काकी होती, बाकीच्या पुढे.

मी पहिल्या फिरण्याची वाट बघत होते. सवयीनं. टोपलं डाव्या हातात होतं आणि हात भरून आला होता. मनात म्हटलं, कोणी मागं राहिली असेल, तिच्यासाठी थांबला असेल. सूर सरळ येतच होता. ना चढ ना उतार, ना तो नाकाचा बारीक सुसकारा, जो जवळ असलं की ऐकू यायचा. उजेड वाढला. फुलांचा पिवळा रंग दिसायला लागला. माझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा कळलं की मी श्वास धरून ठेवला आहे.

मान थोडी वळवून पाहिलं. माय वाकलेलीच होती, पण तिचा हात चालत नव्हता. काकीचाही. पुढे जेवढ्या बाया दिसत होत्या त्या सगळ्या तशाच, हात पाचोळ्यावर ठेवून. टोपलं कोणीच बदललं नव्हतं.

"फिरला नाई," माय म्हणाली. ओठ हलले नाहीत तिचे.

काकी कुजबुजली, "चालू तं हाये व. चालू हाये तं वेचा."

"उजाडलं," माय म्हणाली. "फिरला नाई."

"मंग बंद काऊन नाई करत तो?"

माय हळूच उभी राहिली. पारीकडे बघत होती. मग माझं मनगट धरलं. तिच्या हाताला एवढं बळ आहे हे मला माहीत नव्हतं.

"बंद केलं तं आपन कुठी धावू?" ती म्हणाली. "पारीवर."

काकीच्या हातातलं टोपलं कलंडलं.

मी म्हटलं, "म्हणजे वाघ तिथंच आहे? मग जावयाजवळ जायला पायजे माय. आपण इतक्या जणी आहोत, ओरडत गेलो तर..."

"तो येऊ नका म्हणून राह्यला, आन् तू जातो म्हणते?"

"एकटा आहे तो!"

"हो," माय म्हणाली. "एकटाच हाये. म्हणून तं."

मी मनगट ओढलं. तिनं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं पुढच्या बाईच्या पाठीला स्पर्श केला, त्या बाईनं तिच्या पुढचीच्या, अशा एकेक करत सगळ्या उभ्या राहिल्या. पारीकडे तोंड ठेवून आम्ही मागं मागं सरकत निघालो, पाचोळा वाजू नये म्हणून पाय घासत. टोपली तिथंच राहिली. सूर आमच्यासोबत येत होता. लांब गेल्यावर बारीक व्हायला हवा होता. मला तो झाला असं वाटलं नाही. पायाला डांबर लागलं तेव्हाही कानात होता. मग पहिली मोटारसायकल आली, ओरडाआरड झाली, काकी रडायला लागली, कोणी वनखात्याच्या गार्डला फोन लावला.

ऊन वर आल्यावर गार्ड आणि गावातले बाप्ये फटाके फोडत आत गेले. जावई पारीच्या मागे सापडला, बांबूच्या बेटाजवळ. पुढचं वर्णन मी करणार नाही, त्यानं मला मुलीसारखं वागवलं होतं.

गार्ड परत येऊन आमच्याजवळ उभा राहिला. तरुण पोरगा होता, तोंड पांढरं पडलेलं. त्यानं मायला विचारलं, "बाई, तुम्ही आत गेल्या तवा बुढा दिसला होता का?"

"दिसत नाई तिथून. वाजवून राह्यला होता."

"कवा?"

"आमी गेलो तवापासून. उजाडेपर्यंत."

गार्डनं मागं त्या बाप्यांकडे पाहिलं. "अंधारातलंच काम हाये बाई ते," तो म्हणाला. "रगत वाळून काळं पडलं, मुंग्या लागल्या. तुमच्या येन्याच्या आधीचं हाये."

आणि बाप्यांपैकी एकानं हातातली पिशवी पुढे केली. जावयाची मांजरपाटाची पिशवी. पारीवरच्या झाडाला टांगलेली होती, तो येताच टांगायचा तशी. सनई आत होती. पिशवीच्या नाडीची गाठ सुटलेली नव्हती.

मी ती गाठ स्वतः पाहिली. सोडलीही मीच. सनईची पत्ती, जी तो तोंडात धरून ओली केल्याशिवाय कधी वाजवत नसे, कोरडी ठक्क होती.

मी विज्ञान शिकवते. बांबूला भुंगे भोकं पाडतात, आणि त्या भोकांवरून वारा गेला की बांबू वाजतो. हे मी पोरांना वर्गात बाटलीच्या तोंडावर फुंकून दाखवते. पारीच्या मागे बांबू आहे. तेव्हा त्या सकाळी बांबू वाजला असणार. गार्ड नवा होता, त्याचा अंदाज चुकला असेल हेही होऊ शकतं. हे सगळं मी मायला समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"वारा होता का त्या दिशी?" तिनं विचारलं.

मला आठवेना. मला आठवत होता तो फुलांवर खाली बसलेला धूर, जागचा न हललेला.

आणखी एक गोष्ट आहे. सनई कधी थांबली हे त्या दिवसापासून मी सगळ्यांना विचारलं. काकी म्हणते, मोटारसायकलच्या आवाजात गेली असेल. दुसरी म्हणते, मी रडत होते, ध्यान नव्हतं. ज्या बाया पंगतीत डीजे थांबला तरी उभ्या राहतात, त्यांच्यातल्या एकीलाही ती थांबलेली ऐकू आली नाही.

पुढच्या मोहाला वनखात्यानं बायांना शिट्ट्या वाटल्या. मायनं तिची खुंटीला टांगली. मी गावी गेले, भांडले. म्हटलं, चामोर्शीला चल, माझ्याजवळ राहा. तिथं मोह नाही, वाघ नाही. आता पारीवर कोणी नाही, कोणाच्या भरवशावर जाता तुम्ही? सनई बंद झाली आता.

माय चुलीपुढे बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले असावे तसं.

"बंद कुठी झाली?"

मग मी सोबत गेले. तिला एकटीला जाऊ देणार नव्हते. सडक ओलांडली, आत शिरलो. पारीवर कोणी नव्हतं, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. बांबू गप्प होता. कसलाही आवाज नव्हता. निदान मला तरी नव्हता. बाया आपापल्या झाडाकडे गेल्या आणि वाकल्या, काकीही, एकीनंही मान वर केली नाही. मी मात्र सरळ उभी होते, मायची खुंटीवरची शिट्टी ओठांत धरून.

शेवटची बाई वाकली. थोडा वेळ गेला. आणि साऱ्या रानात, जिथवर मला दिसत होतं तिथवर, सगळ्यांनी एकदम टोपलं या हातातून त्या हातात घेतलं.

शिट्टी ओठांतून कधी पडली मला कळलं नाही.

"फिरला," माय वाकल्या वाकल्या म्हणाली. "लाग आता."